तपकिरीच्या डबीतला आवाज

सूड ही माणसाजवळची एकमेव शुद्ध वस्तू आहे. प्रेमात व्यवहार मिसळतो, भक्तीत नवस मिसळतो, दुधात पाणी तर मिसळतंच. पण सूड मात्र निर्भेळ लागतो, त्यात गुंजभर भेसळ झाली की तो नासतो, असं मृत्युंजय हुक्केरीचं ठाम मत होतं. २००८ सालातल्या एका सकाळी हे मत तो स्वयंपाकघराच्या फरशीवर ओणवा होऊन, बायकोच्या सुपाखाली बॅटरी मारत मांडत होता. कारण त्या निर्भेळ सुडाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग चंदगडच्या तांदळात पडला होता.

"काळा हुता काय?" मल्लव्वानं पाखडणं न थांबवता विचारलं.

"काळाच."

"पाय हुतं त्येला?"

"अठ्ठावीस!"

"मग त्यो मी मारलो की," मल्लव्वा म्हणाली. "चपलीनं. अय्यो, तांदळात येवढा मोठा किडा मी जन्मात बघितलो न्हवतो."

मृत्युंजय फरशीवरच बसला. त्याच्या समोर, मोरीच्या कडेला, अठ्ठावीस पायांची ती चिप चपटी होऊन पडली होती. मल्लव्वानं तिच्यावर खबरदारी म्हणून थोडी राखही टाकली होती.

"किडा न्हवं ग त्यो. आकड्याचं गाणं करणारा त्यो."

"म्हंजे?"

"कॉम्प्युटरमधी गाणं आकड्यात असतंय. त्या आकड्याचं परत गाणं करून हेडफोनात सोडायचं."

मल्लव्वानं सूप खाली ठेवलं. "मग आधी त्येचं आकडं कशाला केलं?"

मृत्युंजयनं राख झटकून चिप उचलली. ती मेली होती. पण अशा तीन चिपा आल्या होत्या, त्यांतल्या दोन अजून जिवंत होत्या, आणि सूडही.

आता हा सूड कशाचा, हे सांगायचं तर अकरा वर्षं मागं जावं लागेल.

मृत्युंजय मूळचा कुरुंदवाडचा. कोल्हापुरात येऊन त्यानं पेठेत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि जोडीला चार भोंगे, दोन माइक आणि एक अँप्लिफायर घेऊन 'हुक्केरी साउंड' काढलं. बारा वर्षं पेठेतल्या मंडळाच्या गणपतीची आरती, वर्गणीदारांची नावं आणि हरवलेली पोरं त्याच्याच भोंग्यातून गावाला कळत होती. मग १९९७ साली उदयसिंह सरनोबत मंडळाचे अध्यक्ष झाले.

उदयसिंहांचं सगळंच मोठं. घर मोठं, मिशी मोठी, बोलणं त्याहून मोठं. पहिल्याच बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "भावांनो, जग कुठं गेलं आन् आपण अजून भोंग्यावर! औंदा सांगलीकडनं स्पीकरची भिंत आणायची. अशी, की देवाला वर कैलासात कळलं पायजे पोरगं निघालं म्हणून."

मृत्युंजय उठला. त्याचा धंदा हातचा चालला होता हे खरंच, पण त्यानं मुद्दा तब्येतीचा काढला. "अध्यक्ष, त्या भिंतीनं माणसांचं कान जातील."

"कान जायला आधी कान असायला लागतंय," उदयसिंह म्हणाले. "तुला कुठं हायत? तू माणूस न्हाईस लका. तूच एक भोंगा हायस!"

चाळीस माणसं हसली. त्यांतली दोन-तीन अजूनही हसत असावीत.

त्या वर्षीपासून भिंत आली. मिरवणुकीत अध्यक्षानं ट्रॅक्टरच्या उजव्या अंगानं चालायचं, ही मंडळाची रीत. तेव्हा सहा वर्षं, दर वर्षी सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत, उदयसिंह फेटा बांधून त्या भिंतीला डावा खांदा लावून पंचगंगेपर्यंत चालत गेले. लोक म्हणायचे, काय छाती आहे माणसाची. छाती होतीच.

आणि मृत्युंजय भोंगा झाला. एकदा कुरुंदवाडहून आलेले पाहुणे तासभर पेठेत हुक्केरींचं घर विचारत फिरले. शेवटी एकानं सांगितलं, "पावणं, भोंग्याकडं जायचंय म्हणा की सरळ! येवढं आडवळणानं कशाला?" गॅसवाला 'भोंगा' म्हणून हाक मारायचा. मठात स्वामीजींनी डोक्यावर हात ठेवून "काय भोंगाप्पा, बरं हाय न्हवं?" असं विचारलं, त्या दिवशी या नावावर धर्माचाही शिक्का बसला. मृत्युंजय म्हणजे मरणाला जिंकलेला. वडिलांनी, भीमाप्पांनी, केवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव! मरणाला जिंकलेला माणूस एका भोंग्यापुढं हरला होता.

नुसतं नाव ठेवून उदयसिंह थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढं पुढं त्यांना मृत्युंजयच्या नमस्काराचीही किंमत राहिली नाही. दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारेखाली पेला धरून उदयसिंह उभे असताना मृत्युंजयनं शेजारी जाऊन दोनदा "नमस्कार" म्हटलं. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. एका लग्नाच्या पंगतीत तो त्यांच्या डाव्या हाताला बसून जिलबी संपेपर्यंत बोलत होता. उदयसिंहांनी 'हूं' केलं नाही, उलट त्याच्या पानावरचं लिंबू उचललं. सिग्नलला लुना शेजारी लावून यानं "कुठं निघालासा?" विचारलं, तर ते समोरच बघत राहिले, आणि हिरवा दिवा लागताच निघून गेले. असे एकूण अकरा अपमान मृत्युंजयनं जपून ठेवले होते. रोज दाढी करताना तो ते एकदा घासूनपुसून घ्यायचा. आणि शेवटी, गालावर तुरटी फिरवताना, आरशाकडं बघून एक वाक्य म्हणायचा. ते वाक्य उदयसिंहांसाठी राखून ठेवलेलं होतं:

"उदयसिंह, भोंगा बाहेर न्हवता. तुमच्या कानात हुता."

वाक्य तयार होतं, प्रसंग मिळत नव्हता. तो २००७ च्या दिवाळीत मिळाला.

उदयसिंहांची लेक अनुजा जर्मनीला होती. तिनं वडिलांना एक लॅपटॉप, भलेमोठे हेडफोन आणि मुठीत मावेल एवढं, आकड्यांचं गाणं करणारं एक यंत्र पाठवलं. दिवाळीच्या फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला चकलीआधी हेडफोन मिळायचे. मृत्युंजय टीव्हीचा रिमोट दुरुस्त करायला गेला, त्यालाही मिळाले.

"बस. तिकडं नको, हिकडं उजव्या हाताला बस," उदयसिंह म्हणाले. "आता ऐक. डावीकडं तबला, उजवीकडं सतार. अनुजानं लिवलंय तसं पत्रात. असलं जर्मनीतच हुतंय भोंग्या, तुला जल्मात जमणार न्हाय."

मृत्युंजयनं ऐकलं. डावीकडं तबला होता. उजवीकडं सतार होती. मधे एवढी शांतता होती की वादकानं मांडी बदललेली कळत होती. यंत्र चांगलं होतं, खरंच चांगलं होतं. दुखणं तिथंच होतं.

"मी करून दावतो असलं," तो म्हणाला. म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेला.

"तू?" उदयसिंहांच्या तोंडातली शेव उडाली. "दाव की! तालमीत, चारचौघात दाव. डोळं बांधून बी मी माझं वळखीन."

"आन् न्हाय वळखलं तर?"

"तर सगळ्यांम्होरं उभा ऱ्हाऊन तुला मृत्युंजयराव म्हणीन, परत भोंगा म्हणणार न्हाय. आन् वळखलं, तर तू माइकवरनं सांगायचं, 'मी भोंगा.' सवताच्या तोंडानं. जमतंय?"

"जमतंय," मृत्युंजय म्हणाला आणि रिमोटमधला एक सेल मुद्दाम उलटा घालून निघाला. परत यायला निमित्त हवं होतं.

चिपा मिळवणं सोपं गेलं. परदेशी कंपन्या प्रयोगशाळांना नमुने फुकट पाठवतात, असं त्यानं एका मासिकात वाचलं होतं. त्यानं पत्र लिहिलं आणि खाली सही केली: 'मृत्युंजय बी. हुक्केरी, संशोधन प्रमुख, हुक्केरी ध्वनी प्रयोगशाळा.' महिन्याभरात कुरियरवाला पेठेत प्रयोगशाळा शोधत आला आणि अर्थातच त्याला कुणीतरी सांगितलं, भोंग्याकडं जा. पाकिटात तीन चिपा होत्या. त्यांतल्या पहिलीचं काय झालं, ते आपण पाहिलंच.

दुसरी शिंकेनं गेली. यंत्र धातूच्या डबीत ठेवलं की बाहेरची घरघर आत शिरत नाही, म्हणून मृत्युंजयनं वडिलांची पितळेची तपकिरीची डबी काढली होती. भीमाप्पांनी चाळीस वर्षं तीत निपाणीची तपकीर भरली होती. डबी चिंचेनं घासली, साबणानं धुतली, उन्हात वाळवली. चाळीस वर्षं काही जाईनात. चष्म्यावर भिंग बांधून, मुंगीच्या मिशीएवढ्या पायांवर तो डाग देत होता, सव्विसाव्या पायाला पोचला होता, आणि डबीतून वडिलांचा आशीर्वाद नाकात गेला. शिंक आली. तापलेली सोल्डरगन अठ्ठावीसही पायांवरून एकदम फिरली.

"तुमच्या बाबास्नी पसंत न्हाय हे," मल्लव्वा म्हणाली.

"बाबांचं नाव परत मिळवालोय ग मी!"

"त्येंचं नाव भीमाप्पा हुतं. त्येंना कोण भोंगा म्हणालतं?"

तिसरी चिप लावताना त्यानं नाकाला कपड्याचा चिमटा लावला. चिप बसली. आणि त्या महिन्याभरात तपकिरीची त्याच्या नाकाला इतकी सवय झाली की पुढं त्याला वासच येईनासा झाला. या गोष्टीकडं त्यानं लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

मग सुरू झाली तुलना. त्या हिवाळ्यात उदयसिंहांचा रिमोट चार वेळा बिघडला आणि चारही वेळा तो मृत्युंजयनंच बिघडवला होता. तो जायचा सकाळी, उदयसिंह पूजेला बसायच्या वेळी. ते आत घंटा वाजवत असत आणि हा बाहेर खिशातली पितळी डबी काढून त्यांच्याच लॅपटॉपला, त्यांच्याच हेडफोनला जोडत असे. एकदा त्यांचं यंत्र, एकदा आपलं. पहिल्या खेपेला डबीत कढी उकळल्यासारखा आवाज होता. दुसऱ्या खेपेला कढी गेली, पण तबला रबराचा वाटत होता. त्यानं कपॅसिटर बदलले. तिसऱ्या खेपेला तबला चामड्याचा झाला, सतारीच्या तारा मात्र जरा गंजलेल्या. परत बदलले. दोन्हींचा आवाज मीटर लावून काटेकोर सारखा केला, कारण जरा मोठा वाजला की कुठलंही यंत्र चांगलं वाटतं आणि कोल्हापुरात तर वाटतंच. आपलं केसभर मोठं ठेवलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. पण सुडात भेसळ चालत नाही.

चौथ्या खेपेला मृत्युंजयला स्वतःलाच दोन्हींतला फरक कळेना. त्याला आनंदानं भरून आलं आणि लगेच भीती वाटली: आपलेच कान गेले की काय?

आतून घंटा थांबली. "झाला का रं रिमोट?"

"झाला, झाला," मृत्युंजय म्हणाला. "आता परत बिघडणार न्हाय."

ठरलेल्या रविवारी सकाळी त्यानं घरी दोन्ही कानांनी शेवटचं ऐकलं. डावीकडं तबला, उजवीकडं सतार. डबी शर्टाच्या खिशात घातली, गळ्यातलं इष्टलिंग डोळ्यांना लावलं आणि लुना काढली. नळाच्या पायपांसाठी पेठेतला रस्ता उकरला होता. तालमीपर्यंत लुना चालली कमी आणि उडाली जास्त.

तालमीत गर्दी होती. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला शंभरेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. यांतल्या नव्वद जणांना आपण काय बघायला आलोय हे माहीत नव्हतं. पण उदयसिंह आणि भोंगा यांची काहीतरी लागली आहे, एवढं रविवारला पुरेसं होतं.

पंच म्हणून सयाजी वस्तादांना बसवलं होतं. साऱ्या कोल्हापुरात असा निःपक्षपाती माणूस नाही. वस्तादांचे दोन्ही कान चाळीस वर्षांच्या कुस्तीत चुरगळून भज्यासारखे झाले होते. आधी नियम समजून घ्यावेत म्हणून त्यांना हेडफोन लावून बघितला, तर तो बसेचना. एका बाजूनं बसवला की दुसऱ्या बाजूनं उडायचा.

"ऱ्हाऊ दे," वस्ताद म्हणाले. "पंचानं कुस्ती खेळायची नसती. बघायची असती."

व्यवस्था अशी होती. उदयसिंहांनी डोळे बांधून खुर्चीवर बसायचं. त्यांच्या डाव्या बाजूला चादरीचा पडदा. पडद्यामागं बँकेतून रिटायर झालेले गणपतराव. त्यांच्यापुढं लॅपटॉप आणि दोन्ही यंत्रं. वस्तादांनी नाणं उडवायचं. छापा पडला तर गणपतरावांनी जर्मन यंत्र जोडायचं, काटा पडला तर डबी. मग "हं, लावा" म्हणायचं. उदयसिंहांनी हेडफोन लावून ऐकायचं आणि सांगायचं, 'माझं' किंवा 'ह्येचं'. असे पाच डाव.

पहिलं नाणं उडालं. काटा. वस्तादांनी पडद्याकडं खूण केली. गणपतरावांनी डबी हातात घेतली, तार जोडायला नाकाजवळ आणली, आणि पडद्यामागून अशी शिंक आली की हौद्यातली माती उडाली.

मृत्युंजय जागचा उठला. तपकीर! त्याचं नाक मेलं होतं, गणपतरावांचं नव्हतं. आता शिंक आली की डबी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शंभर माणसांना कळलंच. सगळीकडं खसखस पिकली.

पण उदयसिंहांनी बांधलेले डोळे उजवीकडं वळवले आणि तिकडच्या रांगेतल्या एका पैलवानाला दम भरला, "कोण शिंकतोय रं? सर्दी झालीया तर घरात झोपायचं!"

"मी न्हवं, बापू!" पैलवान म्हणाला.

"गप बस!"

"हं, लावा," गणपतराव म्हणाले. उदयसिंहांनी हेडफोन लावले. मान डोलवली. चेहऱ्यावर तूप पसरलं. मग हात वर केला. "काय पसारा हाय! डावीकडं तबला, उजवीकडं सतार! माझं."

मृत्युंजय परत खाली बसला. एक डाव पडला होता. यंत्राची परीक्षा नाकानं व्हायची, ती कानानंच झाली होती.

दुसरं नाणं: छापा. पडद्यामागं शांतता. "माझं," उदयसिंह म्हणाले. बरोबर होतं.

तिसरं नाणं: काटा. शिंक. आता पब्लिक तयार होतं. शिंकेला टाळ्या पडल्या. उदयसिंह परत उजवीकडंच वळले. "त्या शिंकणाऱ्याला भाईर काढा आधी!" तो गरीब पैलवान खरंच उठून बाहेर गेला. मग त्यांनी ऐकलं. "माझं. अनुजाची शप्पथ, माझं."

चौथा छापा. "माझं."

पाचवा काटा. या वेळी गणपतरावांनी नाक दाबून धरलं होतं, त्यामुळं शिंक कानातून निघाल्यासारखी निघाली. पैलवान बाहेर होता, तरी उदयसिंह उजवीकडं वळून म्हणाले, "परत आला काय त्यो?" आणि ऐकून म्हणाले, "माझं."

वस्ताद उठले, धोतर सारखं केलं.

"उदयबापू," ते म्हणाले, "कुस्तीत दोन गडी असतेत. तुम्ही दोन्हीकडनं एकटंच खेळलासा. पाचात तीन वेळा ह्येची डबी हुती आन् तुम्ही तिन्ही वेळा आपली म्हणालासा. निकाली कुस्ती. हुक्केरी जिंकला!"

उदयसिंहांनी पट्टी सोडली. मिशीवरून हात फिरवला. माणूस कसाही असो, शब्दाचा पक्का. उभे राहिले, छाती पुढं काढली आणि तालीम घुमेल अशा आवाजात म्हणाले, "दिल्या शब्दाला जागतो. मृत्युंजयराव, तुम्ही जिंकलासा!"

अकरा वर्षांनी ते नाव हवेत आलं. ते खाली पोचायच्या आत शंभर गळ्यांतून गर्जना उठली: "भोंगा जिंकला! भोंगा जिंकला!" दोघांनी मृत्युंजयला खांद्यावर घेतलं. कुणीतरी त्याच्या कपाळाला गुलाल लावला आणि डोळ्यात घातला.

खाली उतरल्यावर तो पडद्यामागं गेला. त्याला एकच करायचं होतं. ज्या आवाजानं उदयसिंहांना पाडलं, तो आवाज, विजयाच्या घटकेला, एकदा निवांत ऐकायचा. त्यानं डबीला जोडलेले हेडफोन कानावर चढवले.

उजवीकडं सतार होती.

डावीकडं काहीच नव्हतं.

त्यानं हेडफोन काढून फुंकला, परत लावला. सतार. त्यानं तार जर्मन यंत्राला लावली: डावीकडं तबला, उजवीकडं सतार. परत डबीला: नुसती सतार. डबी उघडली. डाव्या बाजूची तार टाक्यातून सुटून केसासारखी लोंबत होती. रस्ता, पायपांचे खड्डे, उडणारी लुना. ती तिथंच सुटली असणार. म्हणजे पाचांतल्या तीन डावांत डबी अर्धी मेलेली होती. आणि तिन्ही डावांत तो माणूस म्हणाला होता, डावीकडं तबला.

मृत्युंजय पडद्यामागं स्टुलावर बसला. कोडी एकेक करून आपोआप सुटायला लागली. उजवीकडं वळून पैलवानाला भरलेला दम. 'हिकडं उजव्या हाताला बस.' ट्रॅक्टरची उजवी बाजू, भिंतीला लावलेला डावा खांदा, सहा वर्षं. उदयसिंहांचा डावा कान ठार गेला होता. आणि हे त्या माणसानं साऱ्या पेठेपासून, बहुधा लेकीपासूनसुद्धा, लपवून ठेवलं होतं.

मग दुसरं कोडं सुटलं, आणि ते फार वाईट होतं. दूधकट्ट्यावर तो कुठल्या बाजूला उभा होता? डाव्या. पंगतीत? डाव्या. सिग्नलला? डाव्या. अकरांपैकी तब्बल आठ अपमान त्यानं बोटांवर मोजून काढले, ते अपमान नव्हतेच. ऐकूच आलं नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी घासून ठेवलेला माल, आणि त्यातला निम्म्याहून जास्त खोटा निघाला. उरलेल्या तिन्हींची बाजू आठवेना. एक लिंबू तेवढं खरं होतं. आणि 'भोंगा' खरं होतं. ते चाळीस माणसांदेखत, दोन्ही कान शाबूत असताना म्हटलेलं होतं.

तेवढ्यावर सूड चालू ठेवता येत होता.

त्यानं विचार केला. बाहेर जाऊन ओरडून सांगावं: अध्यक्ष बहिरा हाय! मी सांगितलं हुतं, कान जातील! शंभर माणसं ऐकतील, उद्या साऱ्या पेठेत उदयसिंहांना नवं नाव पडेल, आणि ते मरेपर्यंत पुरेल. पण मग पुरावा म्हणून डबी दाखवावी लागणार. वस्ताद म्हणणार, पैलवानाचा एक हात मोडलेला होता तर कुस्ती रद्द. निकाल रद्द म्हणजे मृत्युंजयराव रद्द. बहिऱ्या अध्यक्षाचा बहिरेपणा लपवला तरच भोंगा जिंकणार होता. एवढ्या जपणुकीनं केलेल्या सुडात अखेर भेसळ झाली होती, आणि ती लुनानं केली होती.

पण ते वाक्य उरलं होतं. ते म्हणायला साक्षीदार लागत नव्हते. उलट, एकट्यानं एकट्याला सांगण्यातच त्याची खरी धार होती. अकरा वर्षं आरशापुढं म्हणताना ते नुसतं वाक्य होतं. आज ते अक्षरशः खरं ठरलं होतं. असं भाग्य किती वाक्यांना मिळतं?

त्यानं डबी मिटून खिशात टाकली आणि पडदा सारून बाहेर आला. उदयसिंह खुर्चीवरच बसले होते. उजव्या बाजूला वस्ताद आणि गर्दी, चहाचे पेले फिरत होते, शिंकेची नक्कल चालली होती. डावी बाजू मोकळी होती. मृत्युंजय सवयीनं त्याच बाजूनं गेला, खुर्चीच्या हातावर हात ठेवला, खाली वाकला, तोंड उदयसिंहांच्या कानाशी नेलं. गुलालानं डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि एकेक शब्द सुटा करून, तुरटीशिवाय पहिल्यांदाच, तो म्हणाला:

"उदयसिंह. भोंगा बाहेर न्हवता. तुमच्या कानात हुता."

उदयसिंह समोर बघत राहिले. चहाचा घोट घेतला. मिशी पुसली. मृत्युंजय वाकलेलाच राहिला. चेहरा कधी पडतोय याची वाट बघत. पेला खाली ठेवताना उदयसिंहांना तो दिसला. ते दचकले, गर्दीकडं एकदा बघून घेतलं आणि मग, कधी नव्हे ते, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"काय म्हणालासा, मृत्युंजयराव? जरा ह्या बाजूला येऊन बोला की."